झेनिल कोणाचा

"कोणाचे तुम्ही?" झुम्रेता आजीने पापुद्र्यांच्या बोरेकचा दुसरा तुकडा संपवला, बोटं पुसली आणि विचारलं. त्या दोन शब्दांनी साखरपुड्याचा विचका झाला.

प्रश्नात वावगं काहीच नव्हतं. बाल्कनमधून तुर्की मुलखात येऊन बायरामपाशा वस्तीत राहिलेल्या कुठल्याही बोस्नियाक घरात नवा माणूस आला की म्हातारी माणसं आधी हेच विचारतात, नोकरी-धंदा वगैरे सगळं त्यानंतर. मागच्या महिन्यात मुलाकडची मंडळी मुलीला मागणी घालायला आली तेव्हाच हे व्हायचं. पण तेव्हा त्यांची झुम्रेता आजी आदापाझारीत खुब्याचं हाड मोडून पडली होती. आज तिला मुद्दाम गाडी करून आणलं होतं. दोन्ही घरांत मिळून तीच वयाने मोठी, आणि दोघांच्या बोटांतल्या अंगठ्यांना बांधलेली लाल फीत मोठ्या माणसानेच कापायची असते. मोठं माणूस आणलं की त्याच्याबरोबर त्याची आठवणही घरात येते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आकोवा," शेफ्केत हसत म्हणाला. मुलीचा बाप म्हणून सकाळपासून तो सगळ्यांकडे बघून हसतच होता.

"ते कारकुनानं दिलेलं नाव झालं. मी विचारते, वरचे कोणाचे?"

वरचे म्हणजे बाल्कनमधल्या पेश्तेरच्या पठारावरचे. शेफ्केत जरा सावरून बसला. हा त्याचा आवडता विषय. "सुल्येविच. व्रेलोचे सुल्येविच. मी रामिझचा मुलगा, झेनिलचा नातू."

आजीने बशी खाली ठेवली. "असं कसं? व्रेलोचे सुल्येविच तर आम्ही."

हे सगळं बोस्नियाक भाषेत चाललं होतं, त्यामुळे खोलीत निम्म्या लोकांना कळलं नाही. कळलं ते आधी गुलिझारला. ती मुलीची आई, दाराशी कॉफीचं तबक घेऊन उभी होती. ती जन्माने बोस्नियाक नव्हे. चोरूमकडच्या खेड्यातली तुर्की बाई, तीस वर्षांपूर्वी या घरात सून म्हणून आली. पण तीस वर्षांत तिने ती भाषा अशी उचलली की आता घरातल्या पोरांना म्हाताऱ्यांचं बोलणं समजावून सांगायचं काम तिच्याकडेच असे. आज सांगायला तिची जीभ रेटेना. तिने तबक बाजूच्या मेजावर ठेवलं.

"आत्या," मुलाचा बाप रासिम म्हणाला, "आपण स्कोप्येचे ना?"

"स्कोप्येचे कधीपासून झालो? स्कोप्येत आपण कागदांची वाट बघत सहा वर्षं बसलो होतो. तुझा जन्म तिथला, म्हणून तू तिथला? आगगाडीत जन्मला असतास तर आगगाडीचा झाला असतास का?"

 बिचाऱ्या रासिमचा दोष नव्हता. बाप तो दहा वर्षांचा असतानाच गेला, जन्मदाखल्यावर स्कोप्ये, आडनाव इथं आल्यावर घेतलेलं देमिर्ताश. मग पन्नास वर्षं सगळी गल्ली त्यांना मॅसेडोनियाकडचे म्हणत आली आणि तेही तसंच म्हणत आले. ही सोयरीक जमवली होती शेफ्केतच्या मोठ्या बहिणीने, फेहिमेने. 'घराणं चांगलं, मुलगा दातांच्या कवळ्या बनवतो, आणि मुख्य म्हणजे वरचे नाहीत, नात्याचा घोळ नाही,' असं तिने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

आजीने डाव्या हाताची बोटं पसरली. "मोज. नेजात एक, रासिम दोन, माझा भाऊ हालिम तीन. आमचा बाप बायराम चार. आलिया पाच. बेचो सहा. बेचो कोणाचा? सुल्योचा. सात." मग तिने शेफ्केतकडे हनुवटी वळवली. "आता तुझे सांग."

शेफ्केतला सांगायला काय लागतं! ही नावं तो दर ईदला घोकून घेई. नवरी मुलगी अल्मिना चार वर्षांची असताना तिला त्याने अंकलिपीच्या आधी ही नावं शिकवली होती. पण आज एकेक नाव विहिरीतून ओढून काढावं तसं आलं. "अल्मिना. मी. रामिझ. झेनिल. मुरात. हुसो..."

"हुसो कोणाचा?"

"सुल्योचा," शेफ्केत म्हणाला.

 हे लोक पिढ्यांना गुडघे म्हणतात, आणि नऊ गुडघ्यांच्या आत लग्न करत नाहीत. कुठल्या कायद्यात हे नाही, मशिदीतल्या इमामालाही विचारलं तर तो हरकत घ्यायचा नाही. पण पेश्तेरवरून खाली उतरताना माणसांनी गुरं सोडली, घरं सोडली, आडनावंसुद्धा सोडली, हे एक सोडलं नाही.

"काय झालं?" नेजातने विचारलं. त्या नवऱ्या मुलाला सोफ्यावर अल्मिनाशेजारी बसवलं होतं, नवाकोरा कोट, मान अवघडलेली. "कोणी तुर्कीत सांगेल का?"

सगळ्यांनी गुलिझारकडे पाहिलं. तिने सांगितलं. सातव्या पिढीवर दोन्ही घरं एका माणसाची निघतात, एवढंच.

नेजात हसला. "दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस? अहो, इतकं मागं गेलं तर खालच्या कसायाशीही नातं निघेल माझं!"

कोणी हसलं नाही. अल्मिनाही हसली नाही. तिने मांडीवरचा हात उचलून दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि नेजातपासून जराशी सरकून बसली. वडीलधाऱ्यांसमोर पोरगी लाजली, असं गुलिझारला वाटलं. थोड्या वेळाने अल्मिना उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

मग गोंधळाला नुसता ऊत आला. फेहिमे म्हणाली, व्रेलोत सुल्यो दोन होते, एक लंगडा आणि एक धडधाकट. आजी म्हणाली, लंगडा म्हणजे सुल्यो नव्हेच, तो सालिह. फेहिमेने तिकडे पेश्तेरजवळ सिएनित्सात राहणाऱ्या चुलत भावाला फोन लावला. तो म्हणाला, दोन सुल्यो होते खरे, पण बेचो आणि हुसो एकाचेच. पाच मिनिटांनी त्यानेच फोन करून सांगितलं की नाही, बायको म्हणते तिसराही एक सुल्यो होता. रासिम खिशातून पेन काढून कागदी रुमालावर चौकोन आखत बसला आणि त्याच्या तिसऱ्या चौकोनाशीच शाई फुटली. शेफ्केत उठून खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. कोण कोणाला समजावतंय हेच समजेना. आपण मुलीच्या साखरपुड्याला उभ्या आहोत की कोणाच्या मयताच्या फातिहाला, असं गुलिझारला होऊन गेलं.

फेहिमेने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. ओट्यावर खिमा भरलेल्या मांतियेच्या दोन परातींवर फडकी झाकून ठेवली होती.

"गुलिझार, काहीतरी कर. सोयरीक मी जमवली. अख्खी गल्ली माझ्या तोंडात शेण घालील."

"मी काय करू, ताई? मला यातलं काय कळतं? 'तुमच्यात चालतं, आमच्यात नाही,' असं तुम्हीच म्हणत आलात ना."

फेहिमेने नजर चुकवली. गुलिझारचे आईबाप सख्खे चुलत भाऊबहीण. तिच्या गावात त्याचं कोणाला काही वाटत नसे. शेतजमीन घरात राहते, मुलगी डोळ्यांसमोर राहते, सगळे खूश. या घरात मात्र ही गोष्ट तिच्या पाठीवर तीळ असावा तशी तीस वर्षं होती. तोंडावर कोणी काही बोलत नसे. फक्त अल्मिना पोटात असताना सासू रोज एकदा विचारी, 'डॉक्टर काय म्हणाला? सगळं जागच्या जागी आहे ना?'

"ते जाऊ दे आता," फेहिमे म्हणाली. "आत्ता तू नि मी एका बाजूला. पोरीचा जीव आहे त्या मुलावर. आहे ना?"

"तीन वर्षं झाली, ताई. रोज फोन. तिच्या तोंडात त्याच्याशिवाय नाव नाही."

"मग सुचव काहीतरी. तुझं डोकं चालतं."

तीस वर्षांत फेहिमेने तिला हे पहिल्यांदाच म्हटलं होतं. गुलिझारला त्याही परिस्थितीत बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा शेफ्केत खोलीच्या मधोमध उभा होता. चेहरा पांढराफटक. "रासिमभाऊ," तो म्हणत होता, "तुमची काही चूक नाही, आमचीही नाही. पण हे व्हायचं नाही. अंगठ्यांचं तबक उचला."

"शेफ्केतभाऊ, जरा थांबू. इमामांना विचारू."

"इमाम हो म्हणतील. त्यांचं काय जातंय? मी माझ्या बापाला काय तोंड दाखवू? भावकीत मुलगी दिली म्हणून?"

"तुमचा बाप वारला, काका," नेजात म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "आम्ही जिवंत आहोत."

शेफ्केतने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो ते लपवतही नव्हता. या माणसाने आजवर मुलीला कशाला नाही म्हटलं नव्हतं. आता म्हणत होता आणि म्हणताना मोडत होता. गुलिझारला त्याची कीव आली, रागही आला, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तिला सासूचे केस आठवले.

हातिजा, तिची सासू, शेवटच्या हिवाळ्यात तुर्की साफ विसरली होती. उरली नुसती बोस्नियाक, आणि ती समजणारी घरात दिवसभर एकटी गुलिझार. सकाळी ऊन आलं की गुलिझार तिला खिडकीशी बसवून तिचे विरळ केस विंचरी, आणि म्हातारी बोलत राही. एके सकाळी ती बोलली एका पोराबद्दल. बाल्कनच्या युद्धाचा हिवाळा, खालून पळून आलेली माणसं, रस्त्यावर गोठून पडलेली एक बाई. तिच्याजवळचं चार वर्षांचं पोर कोणीतरी घोड्याच्या चंदीच्या पिशवीत घालून व्रेलोला आणलं आणि मुलगा म्हणून वाढवलं. 'कोणाला सांगू नकोस हो,' असं म्हातारीने बजावलं होतं. पण त्याच सकाळी तिने गुलिझारला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती, आणि साठ वर्षांपूर्वी मेलेल्या घोड्याला पाणी दाखवायला सांगितलं होतं.

"झेनिल मुरातचा नव्हता," गुलिझार म्हणाली.

तिने हे बोस्नियाकमध्ये म्हटलं, मग तुर्कीत. दोन्ही वेळा आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"काय?" शेफ्केत म्हणाला.

"त्याला आणलं होतं. बर्फातून, युद्धाच्या हिवाळ्यात. आई रस्त्यावर मेली होती. मुरातने त्याला मुलगा म्हणून वाढवलं. रक्ताचा नव्हता."

"कोण म्हणालं?"

"आई म्हणाल्या. शेवटच्या हिवाळ्यात."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"सांगू नकोस म्हणाल्या होत्या."

फेहिमे आत्तापर्यंत तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. ती एकदम दोन पावलं मागे सरकली. "आईला शेवटी स्वतःचं नाव आठवत नव्हतं! गुलिझार, तुझं डोकं फिरलंय का? अगं, मी तुला मार्ग काढ म्हटलं, आमचं मूळ उपटायला नाही सांगितलं!"

"ताई, तुम्हीच..."

"मी काय? मी म्हटलं होतं, आमच्या आज्याला रस्त्यावरचं पोर ठरव म्हणून? तीस वर्षं या घरात जेवलीस, आणि आज आम्हाला बेवारस केलंस? भावाच्या घरात भावाची लेक देणाऱ्यांची तू! तुला घराण्याची काय किंमत?"

"फेहिमे, पुरे," शेफ्केत म्हणाला.

तीस वर्षं न निघालेली ती गोष्ट शेवटी तोंडावर निघाली. गंमत म्हणजे गुलिझारला वाटलं होतं तेवढं लागलं नाही. इतकी वर्षं न बोलता टोचत होतं त्यापेक्षा कमीच लागलं.

रासिमने आपल्या आत्याकडे पाहिलं. "आत्या, तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत असेल."

झुम्रेता आजीने गुलिझारला जवळ बोलावलं आणि तिचं मनगट धरलं. म्हातारीचा हात हलका होता पण पकड घट्ट. "कशातून आणलं म्हणाली हातिजा?"

"घोड्याच्या चंदीच्या पिशवीतून."

 "मुरातला सगळ्या मुलीच होत्या," आजी म्हणाली. "मग मध्येच हा एक मुलगा. माझी आई त्यावरून काहीतरी बोलली होती एकदा. का दुसऱ्या कोणावरून बोलली होती, देव जाणे. त्या हिवाळ्यात व्रेलोत कोण कोणाचं होऊन राहिलं, त्याचा हिशेब कोणी ठेवला? असेल. नसेलही. मी शपथ घेणार नाही. पण ही बाई खोटं बोलते असंही मी म्हणणार नाही."

तिने मनगट सोडलं. सगळ्यांच्या नजरा शेफ्केतवर गेल्या. तो खुर्चीत बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याचे ओठ हलत होते. तो आपली नावं मोजतोय हे गुलिझारला कळलं. चौथ्या नावाशी तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि पुन्हा तिथेच थांबला. तिला त्याच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. आपण या माणसाचं काय काढून घेतलं, हे तिला त्या क्षणी पुरतं समजलं, आणि तरीही तिने शब्द परत घेतला नाही. मुलगी आत रडत होती. बाकी सगळं मागाहून बघता येईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

"बरं," शेफ्केत म्हणाला. आवाज घोगरा. "झेनिलपर्यंतच आम्ही. त्याच्यामागे बर्फ. बरं. चांगला माणूस होता, मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. कोणाचा का असेना." त्याने नाक ओढलं. "रासिमभाऊ, बसा. मुलीला बोलवा."

"दादा!" फेहिमे किंचाळली. मोठी बहीण असून ती त्याला रागात दादा म्हणत असे.

"तुला जायचं असेल तर जा, फेहिमे. माझ्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा आहे. मेलेल्या सुल्योसाठी मी तिला घरात बसवू?"

नेजातने उठून शेफ्केतचा हात घेतला, ओठांना लावला, कपाळाला लावला. रासिम डोळे पुसत होता. फेहिमेने पर्स उचलली, परत ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गेली मात्र नाही. झुम्रेता आजीने कॉफी मागितली, गार झाली असली तरी चालेल म्हणाली.

गुलिझार आत गेली.  तीस वर्षांत या घरात एखादी गोष्ट तिच्या शब्दावर ठरली नव्हती. आज ठरली.

अल्मिना पलंगाच्या कडेला बसली होती. बुटांचे बंद सोडून ठेवलेले, केसांतल्या पिना काढून शेजारी ओळीने मांडलेल्या.

"हे काय? पिना कशाला काढल्यास? ऊठ. झालं सगळं नीट. बाबा हो म्हणाले."

"ऐकलं मी. दार उघडंच होतं."

"मग चल ना, राणी. सगळे थांबलेत."

अल्मिना उठली नाही. "आई, मला त्याच्याकडे बघवत नाही."

"असं काय बोलतेस? लाजायचं काय त्यात? होतात घराघरांत असे घोळ."

"लाज नाही. आजी बोटं मोजत होती ना? एकेक बोट मिटत गेली आणि तसतसा तो मला घरातला दिसायला लागला. त्याचे कान बाबांसारखे आहेत. तीन वर्षं मला दिसले नव्हते. आता तेवढेच दिसतात." तिने तोंड झाकलं. "आणि मी त्याला... शी."

"अगं, पण तो नाही कोणी तुझा! झेनिल त्यांचा नव्हताच. मग कान कसले नि काय?"

"ते तू म्हणालीस."

"अल्मिना, शुद्धीवर ये. सात पिढ्या! माझे आईबाप सख्ख्या भावांची लेकरं. मी काय लंगडी जन्मले की आंधळी?"

"तुमचं वेगळं असतं," अल्मिना म्हणाली.

ती हे मायेने म्हणाली, समजूत घातल्यासारखं. टोमणा मारायचा तिच्या मनातही नव्हता. म्हणूनच गुलिझारला ते फेहिमेच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तुमचं. तिच्या पोटची पोर, तिच्या अंगावर वाढलेली, तिचेच डोळे घेऊन आलेली, आणि ती गुडघ्यागुडघ्याने पार त्यांची होती. नऊ पिढ्यांची ती भिंत तिच्या आत आधीच बांधलेली होती. बाहेरची पाडून काही उपयोग नव्हता. तेलही गेलं आणि तूपही गेलं, एवढंच गुलिझारच्या मनात आलं.

बाहेर शेफ्केतने कसलासा विनोद केला असावा, कारण नेजात मोठ्याने हसला. ते हसणं ऐकून अल्मिनाने खांदे आखडून घेतले.

"तुझ्या बापाने तुझ्यासाठी आज आपला आजा सोडला," गुलिझार म्हणाली. "चारचौघांत सोडला. त्याला आता बाहेर जाऊन मी काय सांगू?"

अल्मिनाने डोळे पुसले आणि आईकडे सरळ पाहिलं. "खरं काय ते सांग. तेवढं कळलं तर कदाचित मलाही उठता येईल. हातिजा आजी झेनिलचं नाव घेऊन बोलली होती का?"

गुलिझारने हो म्हणायला तोंड उघडलं. पोराला बर्फातून आणल्याचं हातिजा बोलली होती, ते पक्कं. चंदीची पिशवी पक्की, रस्त्यावरची बाई पक्की, विंचरताना हातात आलेले केससुद्धा पक्के. पण त्या पोराचं नाव झेनिल, हे त्या सकाळी म्हातारीने सांगितलं की आज दुपारी आपणच म्हटलं, हे तिला काही केल्या आठवेना.